समुद्रावर नेलेल्या दशम्या

माझे वडील माझ्या घरचं पाणी पीत नाहीत. ही तक्रार नाही, सध्या नुसती माहिती देतेय. तक्रार पुढे येईलच.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या जवळ. बारमाही बागायत, ऊस, थोडे पेरू, गोठ्यात चार जनावरं. खाऊनपिऊन सुखी घर. आणि त्या सुखी घरातली रीत अशी, की लग्न झालेल्या लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. मूल झालं की बारशाला जेवायचं, आणि तिथून पुढे काय ते येणंजाणं, खाणंपिणं सुरू. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माझ्यानंतर झालं. तिला लगेच मुलगा झाला. बारशाला दादा, म्हणजे माझे वडील, तिच्याकडे असे जेवले, की तिच्या सासूला दुसऱ्यांदा पुऱ्या लाटायला घ्याव्या लागल्या. मला मूल झालं नाही. त्यामुळे नगरला माझ्या घरी दादा येतात, सोफ्याच्या अगदी कडेला बसतात, पिशवीतून स्वतःची बाटली काढून पाणी पितात आणि जेवायची वेळ व्हायच्या आत उठतात. आईचंही तेच. फक्त ती निघताना स्वयंपाकघरात डोकावते, डब्यांवरून हात फिरवते आणि म्हणते, “लई नेटकं ठिवलंय गं.” मग मला दिवसभर काही सुचत नाही.

लोकांना वाटतं, मूल नाही म्हणजे हे घर कायम सुतकात असणार. तसं काही नाही. सुरुवातीला आम्ही पुण्याचे दवाखाने केले, सुया टोचून घेतल्या, नवस बोलायला लावले तेही बोललो. मग एक दिवस मी आणि नवरा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि दोघांनीही एकदमच म्हटलं, बास. दत्तक घ्यायचं का यावर बोललो, तेही नको म्हटलं. त्या दिवशी येताना वाटेत मिसळ खाल्ली, जास्तीची तर्री मागून. खरं सांगते, हलकं वाटलं. माझं स्वतःचं मेडिकलचं दुकान आहे, सकाळी शटर मी वर करते, रात्री मी खाली ओढते. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि घरी वांग्याची भाजी माझ्यापेक्षा चांगली करतो. आमचं घर हसतंखेळतं आहे. त्या घरात फक्त दोन माणसं जेवत नाहीत, आणि नेमकी तीच मला जेवायला हवी आहेत.

आणखी एक गोष्ट मला सहन होत नाही. अधिक महिना आला की हेच दादा जावयाला धोंड्याचं जेवण घालतात. पाट, रांगोळी, पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मूल मला नाही तसं त्यालाही नाही, पण त्याच्या ताटाला कसलीच आडकाठी नाही. तो बिचारा जेवताना माझ्याकडे बघायचं टाळतो. मी एकदा तिथेच म्हणाले होते, “ह्यांना वाढताना बरी रीत आठवत नाही कुणाला.” त्यावर आईनं मला डोळे वटारले आणि नवऱ्याला अजून एक धोंडा वाढला.

तर, समुद्राचं झालं असं. टीव्हीवर कुठलीतरी बाई लाटांत उभी होती. आई ते बघत सहज म्हणाली, “एकदा असं पाय भिजवून यायचं हुतं.” आईनं जन्मात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी त्याच आठवड्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावरचं रिसॉर्ट ठरवून टाकलं. तिथे सगळं धरून पॅकेज होतं. राहणं, सकाळचा नाष्टा, दोन वेळचं जेवण, मधली भजी, चहा, सरबत, आइस्क्रीम, सगळ्याचे पैसे आधी भरायचे आणि मग तिथे पाकिटाला हात लावायचा नाही.

ठरवताना माझ्या डोक्यात फक्त समुद्र नव्हता, हे कबूल करते. मी वकिली डोकं चालवलं होतं. रीत आहे ती लेकीच्या घराची. हॉटेल काही माझं घर नाही. चूल माझी नाही, भांडी माझी नाहीत, रांधणारा आचारी कुठला कोण. तिथे दादा माझ्यासोबत एका टेबलावर बसून जेवले, तर रीतही मोडत नाही आणि माझंही समाधान. एकदा माझ्यासमोर जेवले की पुढचं पुढे बघू. मी फोनवर मुद्दाम स्पष्ट सांगितलं, “दादा, माझ्या घरी नाही जायचं. हॉटेलात राहायचंय.”

दादा म्हणाले, “बरं.”

दादांच्या ‘बरं’चा अर्थ होकार असतोच असं नाही, हे मला या वयात कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी ते दोघं पहाटेच नगरला आले. दादा पांढऱ्या शर्टात, डोक्यावर कडक टोपी. आईच्या हातात कपड्यांची पिशवी आणि काखेत एक भलंमोठं गाठोडं. गाडीत बसल्याबरोबर दुधात भिजवलेल्या पिठाचा खरपूस वास सुटला. मी विचारलं, “आई, एवढ्या दशम्या कशाला?” ती म्हणाली, “वाटंला लागत्यात.” घाटाच्या अलीकडे एका झाडाखाली आम्ही गाठोडं सोडलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. मीही दोन दशम्या हाणल्या. माहेरचं खायला मला कुणाची बंदी? बंदी एकाच बाजूनं चालते. तेवढ्या दशम्या वाटेपुरत्या नक्कीच नव्हत्या, एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाला पुरल्या असत्या. पण मी उत्साहात होते, लक्षच दिलं नाही.

रिसॉर्टवर पोचलो तर दारातच एका मुलीनं आमच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या आणि मनगटावर निळे पट्टे बांधले. दादांनी पट्टा उलटासुलटा करून बघितला.

“हे कशापायी?”

“आजोबा, हा पट्टा बघितला की इथे तुमच्याकडे कुणी पैसे मागणार नाही,” ती म्हणाली. “काय हवं ते खा, काय हवं ते प्या.”

“मग पैसं कोन देनार?”

“मॅडमनी आधीच भरलेत ना.” तिनं हसत माझ्याकडे बोट केलं.

दादांनी मान डोलावली. एवढंच.

जेवणाच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडलेली, झाकणाखाली वाफाळलेली भांडी, भाताचेच चार प्रकार. लोक ताटं घेऊन फिरत होते. माझ्या नवऱ्यानं कोळंबीपासून सुरुवात केली. मी आईदादांना खिडकीजवळ बसवलं, तिथून समुद्र दिसत होता, आणि म्हणाले, “चला, दाखवते काय काय आहे ते.” दादांनी समोरचं कोरं ताट उचललं आणि पालथं घातलं. आईनं काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली.

“दादा, हे हॉटेल आहे,” मी दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले.

“हाय की.”

“माझं घर नाही.”

“पैसं तू भरलं. मंग भिताडं कुनाची का असंनात, जेवान तुझंच झालं.” ते शांतपणे दशमीचा तुकडा मोडत होते. “तू हौसेनं आनलंस, आमी आलो. समिंदर बघू. त्यो काय कुनी पैसं देऊन भरलेला न्हाई.”

माझ्या वकिलीचा निकाल एका वाक्यात लागला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काही बोलणार तेवढ्यात कोट घातलेला एक गृहस्थ आला, बहुधा तिथला व्यवस्थापक. गाठोड्याकडे बघत, आवाजात साखर घोळवून म्हणाला, “सॉरी, बाहेरचं खाणं इथे अलाउड नाही.”

आता गंमत बघा. त्या क्षणी मला खरं तर त्याच्या गळ्यात पडायला हवं होतं. माझ्या मनातलंच बोलत होता तो. पण माझ्या बापाच्या दशमीकडे त्यानं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला खपली नाही. डोक्यात तिडीकच गेली.

“का अलाउड नाही?” मी उभीच राहिले. “चार माणसांचे पैसे घेतलेत ना तुम्ही? त्यांचं ताट कोरं राहिलं तर तोटा तुमचा आहे का माझा?”

“मॅडम, नियम आहे.”

“नियम कुठे लिहिलाय दाखवा. आणि दाखवलात तरी ते इथेच बसून हेच खाणार. काय करायचंय ते करा.”

आजूबाजूची माणसं चमचे थांबवून बघायला लागली. नवऱ्यानं माझा पदर हळूच ओढला, मी सोडवून घेतला. व्यवस्थापक थोडा वेळ उभा राहिला आणि ‘फक्त आजच्या दिवस’ असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. दादांनी चटणी पुढे केली. “बस. खा,” ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं, मला नको असलेलं. माझ्या घरचं न खाण्याचा त्यांचा हक्क मी भांडून मिळवून दिला होता. इतका मूर्खपणा मी आयुष्यात केला नव्हता.

दुपारी चहाची वेळ झाली. दादांना चारच्या ठोक्याला चहा लागतो, त्याला इलाज नाही. ते काउंटरवर गेले, खिशातून नोट काढली आणि चहा मागितला. तिथली बाई म्हणाली, “आजोबा, पैसे नाही घेता येत. पॅकेजमध्येच आहे.” ते म्हणाले, “घ्या वो, राहू द्या तुमच्याकडं.” ती म्हणाली, “घेऊन ठेवणार कुठे? इथे गल्लाच नाही.” दोन केळी विकत मागितली, तीही मिळेनात. म्हणजे फुकट मिळत होती, विकत मिळत नव्हती. दादा नोट हातात धरून परत आले. सगळ्या आयुष्यात त्यांच्या पैशाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. “हितं माजा पैसाच चालंना,” ते आईला म्हणाले, आणि चहाविना तसेच बसून राहिले. मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि बरंही वाटलं. आपण दिलेलं कुणी घेत नाही तेव्हा कसं वाटतं, ते कळू दे जरा, असं मनात आलं.

आईचं वेगळंच चाललं होतं. तिचं डोळे मोठे करून आइस्क्रीमच्या यंत्राकडे बघणं मी हेरलं होतं. संध्याकाळी मी एक कोन आणून तिच्या हातात दिला. तिनं आधी दादा कुठे आहेत ते बघितलं. ते पाण्याच्या कडेला उभे होते.

“हे चालतंय,” ती म्हणाली. “ह्ये काय अन्न न्हाई. बरफ हाय.”

“आणि शहाळं?”

“ते झाडाचं. ते बी चालतंय.”

“आणि भजी?”

तिनं जरा विचार केला. “भजी न्हाई. त्याला पीठ लागतंय.”

उपासाला जसे प्रत्येकीचे वेगळे नियम असतात, तसे तिनं तिथल्या तिथे नियम केले आणि दोन आइस्क्रीमं खाल्ली. मी हसले, पण आतून चिडलेलीच होते. जिनं मला नऊ महिने पोटात वागवलं, तिला माझं खायला चोरवाट शोधावी लागावी? मग आम्ही दोघी पाण्यात गेलो. तिनं निऱ्या गुडघ्यापर्यंत वर धरल्या, लाट आली की माझा दंड घट्ट पकडायची आणि लहान मुलीसारखी ओरडायची. दादा टोपी सांभाळत मागेच थांबले. “ह्याला आवर्तनाची वाट बघाया लागत न्हाई,” एवढंच म्हणाले. कॅनॉलच्या पाण्यासाठी ज्यांचा जन्म गेला, त्यांना दुसरं काय सुचणार? ती संध्याकाळ चांगली गेली, हे नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं गाठोडं सोडलं आणि नाक मुरडलं. दशम्यांना आंबूस वास येत होता. एक मोडली तर आतून तार सुटली. आमच्याकडच्या कोरड्या हवेत दशमी तीन-चार दिवस सहज टिकते, फार तर वाळून कडक होते. या दोघांनी आयुष्यभर त्याच हिशेबानं शिदोरी बांधलेली. समुद्राची हवा ओली असते आणि ती फडक्यातून आत शिरते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नवऱ्यानं आदल्या दिवशी खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं होतं, तर आई म्हणाली होती, “त्या कपाटात कुनी काय ठिवलं असंल, नगं.” आता ती दशम्यांकडे अशी बघत होती, जणू कुणी तिला फसवलंय.

दादांनी विचारलं, “आज वार कंचा?”

“बुधवार,” मी म्हणाले.

“मंग आज माजा बुधवार.”

“तुम्ही कधीपासून बुधवार धरता?”

“आजपासनं.”

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यांना साखर आहे. रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही, हे मी दिवसभरात शंभर माणसांना काउंटरवरून सांगते, आणि माझा बाप माझ्यासमोर उपाशीपोटी गोळीची पट्टी हातात घेऊन बसला होता. मी पट्टी काढून घेतली. ते म्हणाले, “गावात जाऊन कायतरी खातो.” नवरा म्हणाला, “मामा, मी गाडी काढतो.” तेही नको. जावयाची गाडी चालली असती, पण जावई लेकीच्या बाजूचा आहे असा संशय त्यांना आला होता, आणि तो खरा होता. ते टोपी घालून एकटेच निघाले.

दुपार टळून गेली तेव्हा परत आले. गाव लांब होतं. हॉटेल म्हणून एकच टपरी होती आणि तिचा मालक दुपारचा झोपायला गेला होता. किराणा दुकानही बंद. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ते खोलीत न येता किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाखाली बसले. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. बाटली बघून त्यांनी मान फिरवली. पाणीसुद्धा रिसॉर्टचं होतं ना.

मग माझा बांध फुटला.

“दादा, मी काय पाप केलंय?”

“पाप कोन म्हनलं?”

“मग माझं पाणी बाटलंय का? धाकटीकडे पुऱ्या चालतात, माझ्याकडे पाणीही नाही. माझ्या पोटी मूल नाही म्हणून माझं घर घर नाही? मी राबते, कमावते, कुणाचं वाईट करत नाही. तुम्ही माझ्या दारात आलात की मला भिकाऱ्यासारखं वाटतं. घ्या म्हणायचं आणि तुम्ही नाही म्हणायचं. किती वर्षं नाही म्हणणार?”

दादा वाळूत काडीनं रेघा ओढत होते. आई खोलीच्या दारात उभी राहून बघत होती, जवळ आली नाही.

“बाटलं न्हाई गं,” दादा शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. “म्या तुज्याकडं जेवलो तर त्याचा अर्थ काय हुतोय, सांग. आता काय व्हनार न्हाई, असं म्याच म्हनल्यागत हुतंय. डाक्टर म्हनू दे. लोक म्हनू देत. बापानं कसं म्हनायचं? जोवर मी जेवलो न्हाई, तोवर अजून कायतरी राह्यलंय, असं हाय माजं.”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की ते मला कमी लेखतात. आणि हा माणूस माझ्या घरात हलायच्या पाळण्यासाठी उपाशी राहत होता. कुणाला वाटेल, मी तिथेच विरघळले असेन. नाही विरघळले. राग आला, आधीपेक्षाही मोठा. कारण हे सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, आणि मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

“दादा, मी पंचेचाळिशीला आले,” मी म्हणाले. “माझं ते सगळं संपलं. अंगातूनच संपलं, कळतंय का तुम्हाला मी काय म्हणते ते? आम्ही दोघांनी ते केव्हाच सोडून दिलं. मी रडत बसलेली नाही. तुम्हीच एकटे धरून बसलाय. जो कधी आलाच नाही त्याच्यासाठी थांबलाय, आणि जी लेक समोर उभी आहे तिला ताटकळत ठेवलंय. मला नको ती आशा. माझ्या नावानं ती बाळगू नका.”

काडी त्यांच्या हातातून गळून पडली.

“आज संध्याकाळी मी तुम्हाला जेवायला बोलावणार नाही,” मी म्हणाले. “आज नाही आणि यापुढेही नाही. आम्ही दोघं हॉलमध्ये टेबलावर असू. वाटलं तर या. नाही आलात तर उद्या मुकाट्यानं घरी सोडीन, आणि मग मला भेटायचं असेल तर दुकानात येत जा, गिऱ्हाइकासारखं. घरी येऊन सोफ्याच्या कडेला बसलेलं मला आता चालणार नाही.”

एवढं बोलून मी निघाले. मागे वळून बघितलं नाही. बापाशी असं बोललेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन. असेना का.

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही दोघं बसलो. नवऱ्यानं ताट आणलं नव्हतं, मीही नाही. तो एकदा म्हणाला, “जरा जास्तच बोललीस का?” मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

मग ते दोघं आले. दादांनी शर्ट बदलला होता. आमच्या टेबलाकडे न येता ते सरळ ताटांच्या चळतीकडे गेले आणि रांगेत उभे राहिले. ज्यानं आयुष्यात स्वतःच्या हातानं कधी वाढून घेतलं नाही, त्याला कुठलं झाकण कसं उघडायचं तेही कळेना. मागची माणसं खोळंबली. नवरा उठायला लागला, मी त्याचा हात धरून खाली बसवलं. घेऊ दे त्यांचं त्यांना, म्हटलं. मीही उठले नाही. कुणीतरी त्यांना झाकण धरून दिलं. दादांनी भात घेतला, त्यावर वरण घेतलं आणि एक चपाती घेतली. आई रिकाम्या हातानंच त्यांच्या मागे चालत आली.

ते माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ताटाला हात लावून कपाळाला लावला, भात कालवला आणि घास घेतला. सावकाश चावला. गिळायला त्यांना फार वेळ लागला. आणि त्याच वेळी आईनं पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, त्यांना वाटलं काहीतरी वाईट बातमी आली असेल. आईच्या लेखी आली होतीच. त्या एका घासानं तिचा न झालेला नातू गेला होता, आणि तिला तो आत्ता, या हॉलमध्ये, गेलेला कळला होता.

“रडायचं नाही,” मी म्हणाले. आवाज चढवूनच बोलले. “आई, इकडे बघ. इथे कुणीही गेलेलं नाही. आपण चौघं आहोत आणि चौघंही जेवणार आहोत.”

आई थांबेना. दादांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. इतक्या वर्षांत ज्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, ते घसा खाकरून म्हणाले, “वाढ तिला. सकाळधरनं उपाशी हाय ती.”

आणि त्यांनी दुसरा घास घेतला. मी उठले आणि आईचं ताट वाढायला गेले.